मखमलीची पाठ

सोलापूरच्या नवी पेठेत संध्याकाळी सातनंतर खांदा आडवा केल्याशिवाय पुढं सरकता येत नाही. साडीवाले, रेडिमेडवाले, रस्त्यावर मांडलेले मोजे-रुमाल, आणि मधूनच एखाद्या दुकानात छतापर्यंत गेलेल्या सोलापुरी चादरींच्या थप्प्या. बाहेरगावच्या एका लग्नात द्यायला टॉवेल हवे होते म्हणून मी अशाच एका दुकानात शिरलो. दुकानदारानं एक टॉवेल झटकून उलगडला, माझा हात धरून त्यावरून फिरवला आणि म्हणाला, "बघा की ओ, मखमल हाय मखमल!"

धंद्यातलं बोलणं. आमच्याकडं विकला जाणारा निम्मा माल मखमल असतो आणि उरलेला लोणी. पण त्या दिवसांत मी इराणच्या सफवी दरबारातल्या नक्षीदार मखमलींविषयी वाचत होतो, त्यामुळं शब्द कानाला चिकटून राहिला. घरी येऊन टॉवेलचा काठ भिंगाखाली धरला आणि लक्षात आलं की गडी बोलता बोलता खरं बोलून गेला होता. टॉवेल आणि मखमल ही एकाच घराण्यातली. एक श्रीमंताघरी पडली, एक न्हाणीघरात, एवढंच.

शेजारच्या मामांनी ते नीट उलगडून सांगितलं. मामा पद्मशाली. घरात तेलुगू, दारात मराठी, आणि उभं आयुष्य मागावर. "सर, साध्या कापडाला बीम एक. टॉवेलला दोन. खालचा ताठ, वरचा सैल." ताठ ताण्यातून कापडाचं अंग विणलं जातं. फणी दोन आडवे धागे थोडे अलीकडंच सोडते आणि तिसऱ्या धाग्याला तिघांना मिळून पुढं ठोकते. त्या ठोक्यासरशी सैल ताण्याचे धागे कुबड काढून वर येतात. टॉवेलच्या अंगावर दिसणारे बारीक फास म्हणजे ही कुबडं. मामांनी हे सांगताना डाव्या हाताची बोटं ताठ धरली आणि उजव्या हाताची त्यांच्यावर वाकवून ढकलली. पुस्तकातल्या आठ आकृत्यांनी जे कळलं नव्हतं ते तेवढ्यात कळलं.

मखमलीतही दोन ताणे, एक ताठ आणि एक सैल. फरक असा की इथं सैल धागे वर उचलून त्यांच्याखाली एक बारीक सळई सरकवतात. पुढचे आडवे धागे विणून सळई जागेवर पक्की झाली, की तिच्या पाठीवरच्या खाचेतून धारदार पातं ओढायचं. सळईवरून गेलेला प्रत्येक फास मधोमध कापला जातो, सळई मोकळी होते आणि कापलेली टोकं ताठ उभी राहतात. हीच लव. अरबीत लवेला 'खम्ल' म्हणतात. त्यावरून लवदार ते मुखमल, आणि आपल्याकडं मखमल. पातं जरा तिरकं गेलं की मूळ कापडच चिरलं जातं, म्हणून हे काम करणाऱ्याचा हात थरथरता चालत नाही. सैल ताणा खपतोही भरमसाट. कापड एक हात व्हायला लवेचा धागा कितीतरी हात लागतो. आणि तो धागा रेशमाचा.

हे झालं साध्या मखमलीचं. सफवी इराणच्या विणकरांनी या मखमलीवर माणसं उभी केली. बागेत सुरई घेऊन उभा असलेला तरुण, फांदीखाली बसलेली बाई, बहिरी ससाणा मनगटावर घेतलेला शिकारी, आणि त्यांच्या अंगरख्याच्या सुरकुत्यासुद्धा. या मखमलींमध्ये लव सगळीकडं नसते. ती फक्त आकृतीपुरती असते. बाकीची जमीन सपाट सॅटिनची, आणि तिच्यावरून सोन्याचांदीची पट्टी गेलेली. चांदीची पातळ पट्टी, हवी तर तिच्यावर सोन्याचं पाणी, आणि ती पिवळ्या किंवा पांढऱ्या रेशमावर गुंडाळलेली. दिव्याच्या उजेडात जमीन लखलखते आणि लव उजेड पिऊन टाकते, त्यामुळं माणसं कापडाच्या बाहेर आल्यासारखी दिसतात.

अडचण रंगांची. उभ्या एका रेषेत वर बाईचा हिरवा रुमाल, खाली तिचा गुलाबी गाल, त्याखाली निळा अंगरखा असं येणार असेल, तर त्या जागी लवेचा धागा कोणत्या रंगाचा ठेवायचा? सगळे रंग एकदम ताण्यात भरले तर कापड गोधडीसारखं जाड होईल आणि फुकट गेलेल्या रेशमाचा ढीग पडेल. इराणातल्या काशान-यज्दच्या विणकरांनी यावर काढलेला तोडगा ऐकला तर कोणीही मागवाला कपाळाला हात लावेल. हिरव्याचं काम संपलं की तो धागा पाठीमागून कापून टाकायचा आणि त्याच जागी निळा गाठून पुढं चालायचं. एका अंगरख्यासाठी, एका बुटाच्या टोकासाठी, काही बोटांच्या अंतरासाठी शेकडो धागे तोडायचे आणि शेकडो सांधायचे. सोलापुरात बीम संपला की नव्या बीमचे धागे जुन्याला सांधतात. ते काम आठवड्या-पंधरवड्यातून एकदा येतं, आणि तेवढ्यानंही मान मोडते. इथं ते काम नक्षीच्या प्रत्येक वळणाला. म्हणूनच जाणकार माणूस अशी मखमल हातात घेतली की आधी उलटी करतो. दर्शनी बाजूला राजदरबार असतो, पाठीला तोडलेल्या टोकांची दाढी.

ही चैन परवडायला राज्यही तसं लागतं. १५०१ साली शाह इस्माईलनं तब्रिझमध्ये सफवी गादी उभी केली. १५१४ मध्ये चाल्दिरानच्या लढाईत ऑटोमन सुलतान सेलीमनं त्याला हरवलं, तब्रिझ लुटलं आणि तिथले कारागीर इस्तंबूलला नेले. लुटीत सोन्याबरोबर विणकर-चितारी मोजले जात होते, यावरून त्या काळचा बाजारभाव कळतो. इस्माईलचा मुलगा तहमास्प गादीवर असताना आपला परागंदा हुमायून त्याच्या आश्रयाला गेला होता, १५४४ मध्ये. परतताना त्यानं इराणी चितारी आपल्याकडं ओढले. मोगल दरबाराला इराणी हाताची चटक लागली ती तेव्हापासून.

मखमलीचे खरे दिवस आले ते तहमास्पच्या नातवाच्या, पहिल्या शाह अब्बासच्या काळात. १५८८ ते १६२९ ही त्याची कारकीर्द. राजधानी त्यानं इस्फहानला आणली. हा राजा कलाप्रेमी होता हे खरं, पण त्याहून तो पक्का व्यापारी होता. इराणकडं सोन्याच्या खाणी नव्हत्या, कास्पियनच्या काठचं गिलानचं रेशीम होतं. युरोप त्यासाठी जीव टाकत होता. अब्बासनं सरहद्दीवरच्या जुल्फा गावातले आर्मेनियन व्यापारी १६०४-०५ मध्ये उचलून इस्फहानच्या पलीकडं वसवले आणि १६१९ मध्ये रेशमाचा निर्यात-व्यापार सरकारी मक्ता करून टाकला. उचलून वसवले हे लिहायला सोपं आहे. त्या स्थलांतरात माणसं नदीत आणि वाटेत मेली. मखमलीच्या गोष्टीत हे सहसा येत नाही, म्हणून नोंदवून ठेवतो. कच्चं रेशीम विकून पैसा येतो, विणलेलं विकून नाव होतं, हेही त्याला कळत होतं. शिरवान, काराबाग, गिलान, काशान, मशहद, अस्तराबाद आणि राजधानी इस्फहान अशा ठिकाणी त्यानं विणकामाचे कारखाने घातले आणि प्रत्येकाला त्या-त्या गावच्या पद्धतीनं विणायला लावलं. कारखाना हा शब्दही फारसीतूनच आपल्याकडं आला. शिवकाळातल्या अठरा कारखान्यांतले जामदारखाना, फरासखाना हे त्याच भाषेतले. चादर, पडदा, गालिचा, जर, किनखाप, रेशीम... नवी पेठेतल्या कुठल्याही दुकानदाराच्या तोंडचे निम्मे शब्द फारसी दरबारातून पायी चालत आलेले आहेत.

अब्बासच्या दरबारात यज्दचा एक माणूस होता, ख्वाजा गियासुद्दीन अली. त्याला नक्शबंद म्हणत. नक्शा बांधणारा तो नक्शबंद. कागदावरचं चित्र विणकराच्या काही कामाचं नसतं. कोणत्या आडव्या धाग्याला कोणते उभे धागे उचलायचे, हे दोऱ्यांच्या गाठींत बांधून द्यावं लागतं. तो गाठींचा जुडगा म्हणजे नक्शा. मागाच्या माथ्यावर एक पोरगा बसतो, त्याला फारसीत गुशवारेकश म्हणतात. नक्शबंदानं बांधलेल्या दोऱ्या तो क्रमानं ओढतो आणि खाली विणकर धोटा फेकतो. वरच्याला खालचं चित्र दिसत नाही. खालचा वरच्या हुकमाशिवाय हलू शकत नाही. चित्र फक्त नक्शबंदाच्या डोक्यात. बनारसच्या नक्शबंदांची परंपरा याच धाग्यातली.

गियास कवी होता, पैसेवाला होता आणि जिभेचा तिखट होता. त्याची एक गोष्ट सतराव्या शतकातल्या कवि-चरित्रांत येते. त्यानं जरीचं एक वस्त्र शाहापुढं मांडलं, त्यावर बरीच चित्रं होती, त्यांत एक अस्वलही. दरबारातला एक असामी त्या अस्वलाचीच वाखाणणी करत बसला. गियासनं जागच्या जागी शेर रचून उत्तर दिलं. भाव असा, की गृहस्थ अस्वलाकडंच जास्त पाहताहेत. आरशात ज्याला-त्याला आपलंच रूप दिसतं. राजापुढं दरबाऱ्याची अशी फिरकी घेऊन डोकं धडावर ठेवणारा विणकर म्हणजे त्याचं वजन किती असेल याचा अंदाज करा. उतारवयात त्यानं हे सगळं सोडून दिलं आणि देवाधर्माकडं वळला, असं सांगतात. त्याच्या सहीचे, म्हणजे विणूनच घातलेल्या नावाचे, हातांच्या बोटांवर मोजण्याइतके नमुने आज उरले आहेत.

त्याच्या मालाची ख्याती आपल्या मुलखापर्यंत होती, याला कागदाचा पुरावा आहे. १५९८ मध्ये शाह अब्बासचा वकील अकबराकडं नजराणा घेऊन आला. अकबराच्या दरबारातल्या अबुल फझलनं त्या यादीत नामांकित विणकरांच्या हातचे ३०० किनखाप टिपले आहेत आणि वेगळं काढून लिहिलं आहे की, गियास नक्शबंदाच्या ५० उत्तम कृती. यादीतल्या इतर कोणा विणकराच्या नावाला ही किंमत नाही. त्याच अबुल फझलच्या 'आईन-ए-अकबरी'त कापडांचे भाव आहेत. यज्दची जरीची मखमल तुकड्याला १५ ते १५० मोहरा, काशानची १० ते ४०. गुजरात आणि लाहोरची मखमलही यादीत आहे, म्हणजे आपल्याकडंही मखमल विणली जात होती. पण वरचा भाव यज्दचा. ब्रँड म्हणजे काय हे आपल्याला अलीकडं कळलं असं समजायचं कारण नाही.

युरोपला अब्बासनं वेगळ्या तऱ्हेनं गुंडाळलं. ऑटोमन तुर्क हे त्याचे शत्रू आणि युरोपचेही, तेव्हा मैत्री जमवायला वकील गेले आणि वकिलांबरोबर कापड. १६०३ मध्ये त्याचा माणूस फतही बेग व्हेनिसला पोचला. तिथल्या दोजे (राज्यप्रमुख) मारिनो ग्रिमानीला दिलेल्या नजराण्यात एक मखमल होती, आणि तिच्यावर विणलं होतं मेरी आणि बाळ येशूचं चित्र. मुसलमान राजाच्या कारखान्यात, ख्रिस्ती राज्याला भेट द्यायला. समोरच्याला काय भावेल याचा एवढा विचार आजकालच्या सरकारी भेटवस्तूंत दिसत नाही. आपल्याकडं एक शाल नि एक नारळ. ती मखमल अजून व्हेनिसमध्ये आहे, आणि इराणी वकिलांच्या भेटीचा तो प्रसंग दोजेच्या राजवाड्यातल्या एका मोठ्या चित्रात रंगवलेला आहे.

असे तुकडे मग पायाला चाकं लागल्यासारखे हिंडले. होलस्टाइन-गॉटॉर्प या छोट्याशा जर्मन संस्थानाच्या ड्यूकनं रेशमाच्या व्यापारासाठी इराणला वकिलात पाठवली. व्यापार काही जमला नाही, पण १६३९ मध्ये परतभेटीला आलेल्या इराणी वकिलांबरोबर मखमली आल्या आणि फिरत फिरत कोपनहेगनच्या रोझेनबोर्ग राजवाड्यात जाऊन बसल्या. रशियाच्या झारनं १६४४ मध्ये स्वीडनच्या राणी क्रिस्तिनाला एक झगा दिला, तो कापडानं इराणी. आता स्टॉकहोमच्या राजशस्त्रागारात आहे. उभ्या माणसांच्या रांगा असलेल्या त्या मखमलीचा झगा शिवताना शिंप्यानं काही माणसांची डोकी बगलेत घातली असणार. एका राजेशाही तंबूचे मखमली तुकडे तर लढायांतून फिरले. परंपरा अशी की ऑटोमनांनी ते इराणकडून मिळवले आणि १६८३ मध्ये वियेन्नाच्या वेढ्यात तुर्कांचा मोड झाला तेव्हा ते पोलंडच्या सांगुश्को घराण्याकडं गेले. त्यातला एक तुकडा बॉस्टनच्या संग्रहालयात आहे. सिकंदर दोन्ही हातांनी मोठा धोंडा उगारून अजगराला चेचतो आहे. तंबूत झोपणाऱ्याला डोळे उघडले की वर हे दिसायचं.

१६८३ म्हटलं की आपल्याला वियेन्ना आठवत नाही, औरंगजेब आठवतो. तो त्या वर्षी अहमदनगरला येऊन थडकला होता आणि १६८५ मध्ये त्यानं डेरा टाकला आमच्या सोलापुरात. विजापूरचा वेढा इथून चालवला गेला. सप्टेंबर १६८६ मध्ये आदिलशाही बुडाली. पुढं १६९५ ते १६९९ अशी चार वर्षं त्याची छावणी भीमेकाठी, मंगळवेढ्याजवळ ब्रह्मपुरीला होती. आज तिथं नदी, किल्ल्याच्या भिंती आणि ऊस आहे.

सोलापूरचा इराणशी संबंध मात्र औरंगजेबाच्या पुष्कळ आधीचा. नवी पेठेतून पायी जाण्याच्या अंतरावर भुईकोट किल्ला आहे. सुट्टीच्या दिवशी पोरं घेऊन आलेली माणसं तिथं भेळ खातात. हा किल्ला दोन दरबारांच्या मध्ये सापडला होता, विजापूरच्या आदिलशहांच्या आणि अहमदनगरच्या निजामशहांच्या. आदिलशाहीचा संस्थापक यूसुफ इराणातल्या सावा गावाशी नातं सांगायचा. त्याचा मुलगा इस्माईल. इराणच्या शाह इस्माईलनं १५१९ मध्ये विजापूरला वकील पाठवला आणि पत्रात त्याला स्वतंत्र राजा म्हणून संबोधलं. दख्खनच्या सुलतानाला एवढं पुरलं. इतिहासकार फिरिश्ता सांगतो, आदिलशहानं मोठा समारंभ केला, खुतब्यात सफवी घराण्यासाठी दुवा मागायचा हुकूम दिला आणि आपल्या फौजेला सफवींच्या किझिलबाश सैनिकांची बारा घड्यांची लाल टोपी घालायला लावली. तब्रिझची फॅशन भीमेच्या काठी.

त्यानंतर चार-पाच वर्षांनी, १५२४ च्या सुमाराला, याच सोलापुरात दोन्ही सुलतान भेटले. आदिलशहाची बहीण मरियम निजामशहाला दिली गेली आणि हुंड्यात सोलापूरचा किल्ला द्यायचं ठरलं. किल्ला काही दिला गेला नाही. हुंडा थकला म्हणून सुना छळल्याच्या गोष्टी आपल्याला माहीत आहेत. इथं थकलेल्या हुंड्यावरून दोन राज्यं चाळीस वर्षं लढली. मधल्या काळात विजापूरला इब्राहिम आदिलशहा आला, तो सुन्नी, त्यानं लाल टोप्या बंद केल्या. त्याच्यामागून अली आदिलशहा आला, तो पुन्हा शिया. अलीचं लग्न अहमदनगरच्या चांदबीबीशी झालं आणि या वेळी, लढायांत निजामशहाकडं गेलेलं सोलापूर तिच्याबरोबर विजापूरकडं परत गेलं. हुंडा त्या बाजूनं मागितला होता, फिटला या बाजूनं. मग दोघांनी मिळून विजयनगरविरुद्ध तालिकोटची लढाई, १५६५. सोलापूरकराला आपला किल्ला कुणाच्या तरी बस्त्याच्या यादीत होता हे ऐकून गंमत वाटते, पण यादी तशीच होती.

इराणचा माल या दख्खनी दरबारांत यायचा तो होर्मुझहून समुद्रानं. दाभोळ आणि चौल ही आपली बंदरं घोड्यांसाठी नावाजलेली. घोडा आला की त्यावरचं खोगीर-पडदा आला, इराणी सरदार आला की त्याच्या पेटीतलं कापड आलं. विजापूरच्या आसार महालातले जुने गालिचे आता गोलघुमटाच्या आवारातल्या संग्रहालयात आहेत. सोलापूरहून सकाळच्या एसटीनं जाऊन दुपारी परत येता येतं. ते गालिचे पाहिल्यावर दरबारी जमिनीवर काय अंथरलं जायचं याची कल्पना येते. प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानासाठी उभारलेल्या सदरेच्या थाटाची वर्णनं बखरींत आहेत. त्या थाटाचा हेतू खानाला हे घर ओळखीचं वाटावं हा असावा. दरबारी कापडाची भाषा शिवाजी महाराजांना चांगली वाचता येत होती.

पुन्हा इराण. शार्दां नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या १६६० आणि १६७० च्या दशकांत इस्फहानला राहून गेला. तो माणूस किमती टिपण्यात वाकबगार. तिथल्या सोन्याच्या मखमलीइतकं महाग कापड जगात कुठं होत नाही, असं तो सांगतो. एका मागावर पाच-सहा माणसं एकदम राबतात आणि साध्या कापडाला दोन धोटे पुरतात तिथं चोवीस ते तीस धोटे चालतात. आणि लगेच पुढं, तशाच कोरड्या सुरात, की कापडाची किंमत एवढी असूनही राबणाऱ्याला रोजचे मोजके काही सूच मिळतात. सू म्हणजे त्यांच्याकडची चिल्लर. मला शार्दांचं हे वाक्य सगळ्या दरबारी वर्णनांहून मोलाचं वाटतं. गियासची हवेली यज्दला होती, त्याच्या गाठींवर दोऱ्या ओढणाऱ्या पोराचं नाव कुठंही नाही.

अब्बासनंतर मखमलीतली माणसं हळूहळू कमी झाली. चितारी रझा अब्बासीनं रंगवलेले ते लवलवते तरुण मागं पडले आणि फुलं आली. रझाचाच मुलगा शफी अब्बासी फुलांचा उस्ताद. एका रांगेत रोपटी, मध्ये रिकामी सोनेरी जमीन. तेच वळण मोगलांच्या पटक्यांवर आणि ताजमहालाच्या भिंतींवर दिसतं. फुलांना रंग कमी लागतात, गाठी कमी लागतात. मला वाटतं, खजिन्याचा हिशेबही त्या फुलांत आहे. १७२२ मध्ये अफगाणांनी इस्फहानला वेढा घातला. महिनोन्‌महिने अन्न मिळेना, लोकांनी कातडी उकळून खाल्ली, आणि ऑक्टोबरात शाह सुलतान हुसेननं स्वतः जाऊन मुकुट दिला. गिऱ्हाईकच राहिलं नाही, तर तीस धोट्यांचा माग कोणासाठी चालवायचा?

मागाच्या माथ्यावरचा तो पोरगा त्यानंतर ऐंशीएक वर्षांनी युरोपातूनही उठला. फ्रान्समधल्या ल्योंच्या जॅकार्डनं १८०४ मध्ये असा जोड बसवला की गाठींच्या जुडग्याच्या जागी भोकं पाडलेले पुठ्ठे आले. भोक असेल तिथं सुई आत जाते आणि धागा उचलला जातो, नसेल तिथं नाही. नक्शबंदाचं डोकं पुठ्ठ्यात बसलं. हा जॅकार्ड सोलापुरात कसा रुजला ते इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. १८६० मध्ये रेल्वे आली, १८७७ मध्ये जुनी मिल निघाली, निजामाच्या तेलंगणातून दुष्काळानं उठलेली पद्मशाली कुटुंबं माग खांद्यावर घेऊन आली. साखरपेठेपासून पूर्व भागापर्यंत घराघरात खडखडाट सुरू झाला आणि पुढं चादरीच्या दोन्ही अंगांनी मोर नाचायला लागले. २००५-०६ मध्ये सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल या दोघांना भौगोलिक मानांकन मिळालं. काही विणकर अजून हातमागावर भिंतीला लावायची चित्रं विणतात, देवादिकांची, नेत्यांची, आणि ती लोकांच्या दिवाणखान्यांत जातात.

मागच्या रविवारी मी मामांना एका संग्रहालयानं छापलेला फोटो दाखवला. सतराव्या शतकातली काशानची मखमल, उलट्या बाजूनं. पुढची बाजू मी मुद्दाम दाखवली नाही. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, मोबाइल नाकाजवळ आणला आणि दोन बोटांनी चित्र मोठं करत गेले. बराच वेळ काही बोलले नाहीत. सूनबाई चहा ठेवून गेली, तो थंड झाला.

"हे सगळं हातानं सांधलंय?"

"हातानं."

"किती रंग?"

मी मोजून सात सांगितले. त्यांनी मान हलवली आणि एका जागी नख टेकवलं. लाल टोकं सरळ रांगेत संपत होती, फक्त एका ठिकाणी दोन-चार टोकं रांग सोडून खाली उतरली होती.

"इथं बघा सर. निळा गाठायला उशीर झालाय. लाल तसाच पुढं गेलाय थोडा." मग मोबाइल माझ्या हातात ठेवत म्हणाले, "दिवेलागणीचं काम असणार. त्या वेळेला माझंबी हितंच चुकायचं."